नवव्या पोर्टची ओरड

१

बारा हजार लिटर दूध नाल्यात ओतलं की त्याचा वास कसा येतो, हे राजेश्वरी बिराजदारला त्या बुधवारपर्यंत ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. लोहाऱ्याच्या अलीकडं डेअरीच्या फाट्यावर ती जीपमधून उतरली आणि पहिला श्वास तिनं अर्ध्यावरच सोडून दिला. दूध सोमवारी फाटलं होतं. दोन दिवस उन्हात पडून त्याचा पिवळट थर झाला होता, त्यावर माशा घोंगावत होत्या, आणि डेअरीतली माणसं त्याच्या कडेनं तोंडात तंबाखू धरून निवांत ये-जा करत होती. माणसाला कशाचीही सवय होते, आणि राजेश्वरीला नेमकी त्याचीच किळस यायची.

ती धाराशिवला एका तंत्रनिकेतनात नेटवर्किंग शिकवायची. बावीस वर्षं शिकवून तिचं नाक तिखट झालं होतं आणि जीभ त्याहून. डेअरीचे अध्यक्ष कृष्णराज यांनी तिला जाणकार म्हणून बोलावलं होतं. म्हणजे असं तिला वाटलं होतं. पंख्याखाली बसल्यावर कळलं की तिच्या जाणकारीची इथं कुणाला गरज नव्हती.

"मॅडम, तुमचा जास्त वेळ घेत नाही," अध्यक्ष म्हणाले. "अहवाल आम्हीच टाइप करून ठेवलाय. चार वाजता ठाण्यातून जमादार येतील. खाली तुमची सही तेवढी राहिलीय."

राजेश्वरीनं कागद वाचला. गेल्या दीड महिन्यात नऊ वेळा सकाळच्या दूध-संकलनाच्या वेळी डेअरीचं नेटवर्क अर्धा-अर्धा तास बंद पडलं होतं. नेटवर्क गेलं की दूध तपासायचं यंत्र मुकं होतं. दूध तर उन्हात थांबत नाही, म्हणून अशा वेळी ते नुसतं हुंगून, हातानं चिठ्ठी लिहून टाकीत घ्यायची इथली चाल होती. सोमवारी अशाच अर्ध्या तासात कुणाचं तरी शिळं दूध आत गेलं आणि अख्खी टाकी नासली. कागदाच्या मते हे सगळं खिडकीवरची ऑपरेटर अक्षदा हिनं मुद्दाम केलं होतं. पुरावा एकच. अक्षदा बहिणीच्या लग्नाला आठ दिवस रजेवर होती, आणि त्या आठ दिवसांत नेटवर्क एकदाही बंद पडलं नव्हतं.

राजेश्वरीनं कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. न बघता सही करणारी बाई आपण दिसतो कशी, या विचारानं तिचा जीव विटला होता.

"आधी मुलगी दाखवा," ती म्हणाली. "मग तुमचा स्विच. सहीचं चारला बघू."

अध्यक्षांचं हसू जागच्या जागी वाळलं.

२

अक्षदाला सकाळपासून रिकाम्या कॅनच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. कोंडलं नव्हतं, असं अध्यक्षांनी दोनदा सांगितलं. दार मात्र बाहेरून ओढून घेतलेलं होतं. बावीस-तेवीस वर्षांची बेंबळीची पोर, एका उपड्या कॅनवर बसली होती. खोलीत आंबूस दमट वास, आणि कुणी पाणीसुद्धा विचारलेलं नव्हतं.

ती रडत नव्हती. रडून झालं होतं. तिनं सरळ सांगितलं की नोकरी गेली तर जाऊ दे, पण परवापासून बेंबळीत तिच्या वडलांच्या, बलभीमांच्या, दारात माणसं येऊन विचारताहेत की पोरीनं डेअरीचं दूध का नासवलं. वडील घराबाहेर पडायचे थांबले होते.

"कागदावर एकदा नाव चढलं का उतरत न्हाय मॅडम," ती म्हणाली. "म्या काय केलंच न्हाय, तर ते म्या कबूल तरी कसं करू?"

राजेश्वरीनं तिला आपली पाण्याची बाटली दिली आणि नेटवर्क बंद पडायचं म्हणजे नेमकं काय व्हायचं ते विचारलं. अक्षदाच्या सांगण्यानुसार यंत्राचे आकडे यायचे थांबायचे, वजनकाटा थांबायचा, दूध उतरवायच्या धक्क्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रही होतं तिथंच गोठायचं. मग सुपरवायझर युवराज यायचे आणि चिठ्ठीवर दूध घ्यायला लावायचे. अर्ध्या तासानं सगळं आपोआप सुरू व्हायचं.

"आणि स्विचचे दिवे? विझायचे?"

"न्हाय की. उलट लईच लुकलुकायचे. एरवीपेक्षा जास्तच."

राजेश्वरी ताडकन उठली. वायर उपसली असती तर दिवा विझला असता. इथं कुणी काही तोडलेलं नव्हतं. इथं कुणीतरी ओरडत होतं.

३

स्विच जिन्याखालच्या कपाटात होता. कपाट उघडताच दोन झुरळं बाहेर पळाली आणि एक पाल आत गेली. स्विचवर पालीच्या लेंड्या, शेजारी बुरशी चढलेला चहाचा कप, मागं गुटख्याची पिंक. पाच गावांचं दूध ज्या डब्यावर चालतं त्याची ही बडदास्त बघून राजेश्वरीनं नाकाला रुमाल लावला, शिवी गिळली आणि लॅपटॉप जोडला.

स्विच म्हणजे सगळ्या यंत्रांच्या वायरी जिथं एकत्र येतात तो पत्र्याचा डबा. प्रत्येक वायरीला एक भोक, त्याला पोर्ट म्हणायचं. या पोर्टांमध्ये एक जुनी सभ्यता असते. एखाद्या कॉम्प्युटरला येणारी माहिती झेपेनाशी झाली की तो स्विचला 'थांब' असा निरोप धाडतो. स्विच क्षणभर थांबतो, मग पुन्हा देऊ लागतो. पण त्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड बिघडलं आणि ते सेकंदाला हजारदा 'थांब, थांब' करत सुटलं, तर स्विच थांबूनच राहतो. त्याच्या वाट्याची माहिती डब्यात तुंबते, डबा भरतो आणि बाकीच्यांचंही अडतं. वीज असते, वायर शाबूत असते, दिवे नाचत असतात, आणि तरी सगळं ठप्प. राजेश्वरी हे दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवायची आणि दरवर्षी पोरं ते ऐकताना जांभया द्यायची.

स्विच प्रत्येक पोर्टवरून आलेले 'थांब' मोजून ठेवतो. अक्षदाचा पोर्ट चौथा. तिथं आकडा शून्य. वजनकाट्याचा शून्य. तपासणी यंत्राचे सतरा, म्हणजे काहीच नाही. नवव्या पोर्टवर मात्र आकडा कोटींच्या घरात गेला होता. असा ओरडणारा पोर्ट आपोआप बंद करायची सोय या स्विचमध्ये होती, पण ती कुणी कधी चालूच केली नव्हती.

तिनं नवव्या वायरीवरची चिकटपट्टी पुसली. 'अध्यक्ष साहेब' असं तीवर लिहिलेलं होतं.

फरशी पुसायला आलेली दगडाबाई मागं उभी होती. साठीची बाई, डेअरी सुरू झाल्यापासून इथंच. अध्यक्षांचा कॉम्प्युटर सकाळी कोण वापरतं, असं राजेश्वरीनं तिला विचारलं.

"त्यो? त्यो तर बंद असतोय की बाई. साहेब अकराला येत्यात, तवर केबिनीला कुलूप असतंय."

बंद कॉम्प्युटर, कुलूपबंद खोलीत, आणि आतून कोटी वेळा ओरड.

४

केबिनच्या किल्ल्या दोन होत्या. एक अध्यक्षांकडं, दुसरी त्यांचा पुतण्या आणि डेअरीचा सुपरवायझर युवराज याच्याकडं. युवराज मोठा गोड माणूस. कपाळाला कुंकवाचा टिळा, हात जोडलेले, प्रत्येक वाक्याला 'मॅडम'. केबिनमध्ये तुळजाभवानीचा फोटो होता, सकाळी सहाला आपण दिवा-उदबत्ती करतो, त्यासाठी किल्ली, असं त्यानं न विचारताच सांगितलं. साडेसहाला संकलन सुरू झालं की तो धक्का सोडत नाही, हेही सांगितलं.

"आणि मॅडम, बंद कॉम्प्युटर कुणाचं काय बिघडवणार?" असं म्हणून तो हसला. अक्षदाबद्दल त्याला वाईट वाटत होतं. गरिबाची पोर आहे, बाहेरच्या कुणी फूस लावली असेल, असं तो म्हणाला. राजेश्वरीला तेलकट बोट लागल्यासारखं वाटलं.

मग ती फाटकाशी गेली. माकणीकडचं दूध पिकअपनं आणणारा महांतप्पा रिकामे कॅन न्यायला आला होता. ढेरपोट्या, मोकळा-ढाकळा, बोलायला बसला की थांबणं नाही. बिराजदार आडनाव ऐकताच त्यानं 'अक्का' म्हणून कानडीत सुरुवात केली, माहेर कुठलं तेही विचारून घेतलं. राजेश्वरीनं त्याला डेअरीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. गाडीचं कौतुक केलं. गाडी बरी दिसते, नवी का?

नवी कुठली, महांतप्पा म्हणाला, मागच्या महिन्यात इंजिन बसलं होतं. उमरग्याला गॅरेजात आठ दिवस पडून होती, तेवढे दिवस इकडं दूधच घातलं नाही. तारखाही त्यानं सांगितल्या. राजेश्वरीला त्या तोंडपाठ होत्या, कारण पर्समधल्या कागदावर त्याच टाइप केलेल्या होत्या. अक्षदाच्या रजेचे आठ दिवस.

"मग गाडी आल्यापासून वेळेवर?"

"व्हय अक्का. रोज सातच्या पुढंमागं. एकाच मंगळवारी टायर फुटलं, तर साडेआठ झाले. पण तवाबी मशीन बंदच व्हतं, चिठ्ठीवरच घेतलं."

ती कपाटापाशी परतली. स्विचच्या नोंदीत नेटवर्क नऊपैकी आठ वेळा सात आणि साडेसातच्या दरम्यान बंद पडलं होतं. नववी वेळ त्या मंगळवारची होती, आठ एकतीसची. नेटवर्क अक्षदाची वाट बघत नव्हतं. ते महांतप्पाच्या गाडीची वाट बघत होतं.

५

तीन वाजून गेले होते. नेटवर्क का पडतं ते कळलं होतं आणि कुणासाठी पडतं तेही. कोण पाडतं ते सांगायला मात्र तिच्याकडं काही नव्हतं, आणि नुसत्या संशयावर जमादार अक्षदाचं नाव खोडणार नव्हते.

तिनं अक्षदाला बोलावून घेतलं आणि कॅमेऱ्याचं जुनं चित्रण लावायला सांगितलं. नेटवर्क थांबलं की कॅमेराही थांबायचा, त्यामुळं प्रत्येक वेळी शेवटचं चित्र अर्धा तास तसंच गोठलेलं राहायचं. अध्यक्षांनी हे चित्रण चारदा पाहिलं होतं, पण चारही वेळा फक्त अक्षदाची खिडकी. माणूस जे शोधायला बसतो तेवढंच त्याला दिसतं.

राजेश्वरीनं गोठलेली नऊ चित्रं एकापुढं एक लावली. प्रत्येकात खिडकीत अक्षदा, हातात नमुन्याची बाटली. धक्क्यावर तिन्ही हमाल, पायांत डेअरीचे पांढरे गमबूट. पिकअपला टेकून महांतप्पा. एकटा युवराज कुठंच नव्हता, जो म्हणे धक्का सोडत नाही. पण नसणं म्हणजे पुरावा नव्हे. तो लघवीला गेला होता म्हणाला की संपलं.

डाव्या कोपऱ्यात क्रेटची चळत होती. तिच्या आडोशानं ऑफिसकडं जाणारा बोळ झाकला जायचा, आत-बाहेर करणारा माणूस दिसायचा नाही. चळतीखालून मात्र वीतभर फट होती. त्या फटीतून केबिनचा उंबरा दिसत होता, आणि उंबऱ्याबाहेर काहीतरी पांढरं.

तिनं चित्र मोठं केलं. गमबुटांचा जोड. रिकामा, नीट शेजारी शेजारी ठेवलेला. दुसऱ्या चित्रात तोच. तिसऱ्यात तोच. नऊच्या नऊ चित्रांत तोच.

चहा घेऊन आलेली दगडाबाई पडद्याकडं बघत राहिली. तिला यात काहीच नवल वाटलं नाही.

"युवराजदादाचं हायत," ती म्हणाली. "देवीच्या फोटूम्होरं पायताण घालून कोन जाईल बाई? सहाला पूजा करत्यात. मदीमदी दुसऱ्यांदाबी जात्यात, गाडी आल्यावर. आमाला वाटलं, भक्तीच लई हाय."

अक्षदानं तोंडावर हात धरला. राजेश्वरीला शिसारी आली, सकाळपासूनच्या सगळ्या वासांनी आली नव्हती एवढी.

६

पावणेचारला ती अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेली. खुर्चीत अध्यक्ष, बाजूला युवराज, दाराशी अक्षदा आणि दगडाबाई. राजेश्वरीनं फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. पलीकडं प्रेम होता, तिचा जुना विद्यार्थी, लातूरहून इथले कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायचा. त्याचा नंबर तिनं कॉम्प्युटरवरच्याच स्टिकरवरून घेतला होता. अध्यक्षांच्या कॉम्प्युटरबद्दल तू काय सांगून गेला होतास, एवढंच तिनं विचारलं.

"मॅडम, त्याचं नेटवर्क कार्ड गेलंय. बटण हलकं दाबलं की मशीन झोपतं, पण कार्ड अडकतं आणि सगळं नेटवर्क धरून ठेवतं. पुन्हा दाबलं की सुटतं. कार्ड बदला असं मी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं."

"कुणाला?"

"युवराज साहेबांना. त्यांच्यापुढं करून दाखवलं की."

राजेश्वरीनं हात पुढं करून कॉम्प्युटरचं बटण हलकं दाबलं. पडदा काळा झाला. पाच-सात सेकंद गेले आणि धक्क्यावरून संध्याकाळच्या पाळीचा माणूस ओरडला, की मशीन बंद पडलं. तिनं पुन्हा बटण दाबलं. जरा वेळानं तोच आवाज म्हणाला, की झालं चालू.

युवराज म्हणाला की प्रेमचं बोलणं आपल्या लक्षात राहिलं नसेल, आणि केबिनमध्ये तर कुणीही शिरू शकतं. राजेश्वरीनं छापून आणलेली नऊ चित्रं टेबलावर मांडली. हमाल यात दिसतात, अक्षदा दिसते, महांतप्पा दिसतो. अध्यक्ष अकराला येतात आणि पायात चपला घालतात. केबिनची किल्ली आणि गमबूट दोन्ही असलेला माणूस डेअरीत एकच आहे. नऊही वेळा माकणीची गाडी धक्क्याला लागल्यावर तो इथं आला, बटण दाबलं, परत जाऊन त्या गाडीचं दूध स्वतः हुंगून चिठ्ठीवर घेतलं आणि नंतर येऊन बटण सोडवलं. नाकाला कळत नाही पण तपासणी यंत्र पकडतं ते म्हणजे शिळ्या दुधात कालवलेला सोडा, आणि असं दूध असेल त्याच दिवशी हे बटण दाबलं जायचं. शिळ्या दुधाचा आंबटपणा सोड्यानं मरतो, पण लपून किती राहणार? सोमवारी टाकीसकट बाहेर आला.

युवराजनं काकांकडं पाहिलं. काका चित्रांकडं पाहत होते.

"तुझं मला एक कळत नाही," राजेश्वरी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "शिळ्या दुधात सोडा कालवून लोकांच्या पोरांना पाजताना तुला देवी आठवली नाही. एका पोरीच्या गळ्यात ते अडकवताना आठवली नाही. फक्त बूट काढताना आठवली. नऊ वेळा. मला चोराचा राग येतो रे, पण तुझी किळस येते."

युवराजनं खिशातून रुमाल काढला. टिळ्यावरून घाम ओघळून कुंकू नाकावर आलं होतं.

अध्यक्ष मात्र चटकन सावरले. पुतण्याला त्यांनी एक शब्द विचारला नाही. आधी दाराबाहेर कोण ऐकतंय ते बघितलं, मग आवाज मऊ केला. शेवटी बिघाड कार्डाचाच ना, ते म्हणाले. अहवालात तांत्रिक दोष म्हणून लिहावं. महांतप्पाचं दूध उद्यापासून बंद. अक्षदाची नोकरी कायम, वर लॅबमध्ये बढती. जमादारांना चहा पाजून परत धाडू. घरातली गोष्ट घरात राहील आणि पोरीचंही भलं होईल.

राजेश्वरीला वाटलं, नाल्यातलं दूध बरं, ते निदान आपण नासलोय हे लपवत तरी नाही. टाइप केलेला अहवाल तिनं पर्समधून काढून टेबलावर ठेवला आणि त्यावर स्वतःच्या हातानं आडवं लिहिलं, की हा मजकूर खोटा आहे, माझा अहवाल वेगळा जोडला आहे. खाली सही केली. मग ती अक्षदाकडं वळली.

"माझं मी लिहिलं. ते कुणाच्या सांगण्यावरून बदलणार नाही. पण नोकरी तुझी आहे, गाव तुझं आहे. पुढं काय करायचं ते तू ठरव."

बाहेर मोटारसायकल थांबली. जमादार आत आले, वासानं तोंड वाकडं केलं, खुर्ची ओढून बसले आणि वही उघडली. नासलेल्या दुधाची फिर्याद घ्यायला आलोय, असं त्यांनी सांगितलं आणि पेन झटकून विचारलं, "फिर्यादी कोण?"

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले की फिर्याद काही नाही, आपसात मिटलंय, तुम्हाला उगीच त्रास दिला. जमादारांनी वही मिटायला घेतली. दगडाबाई अक्षदाकडं बघत होती.

अक्षदा दारातून पुढं आली. उंबरा ओलांडताना तिनं चपला काढल्या नाहीत. तिच्या ते लक्षातही आलं नसावं.

"मिटलं न्हाय," ती म्हणाली. "फिर्यादी म्या हाय. लिहा. अक्षदा बलभीम सोनटक्के, राहणार बेंबळी."

जमादारांनी अध्यक्षांकडं पाहिलं, मग टेबलावरच्या कागदांकडं, मग या पोरीकडं. वही पुन्हा उघडली आणि नाव सावकाश, जोडाक्षरं सांभाळत लिहून घेतलं.

"आणि तक्रार कुणाविरुद्ध?"

अक्षदानं युवराजचं नावही तसंच सांगितलं, पूर्ण, गावासकट, आणि बरोबर लिहिलंय का ते वाकून वाचून घेतलं.